सेवाग्राम, बार्शी, बुटारो

वर्ध्याहून निघणाऱ्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग आफ्रिकेतल्या कॅन्सरवर का, असं आमच्या एका जुन्या जाहिरातदारांनी फोनवर विचारलं. ‘सणासुदीला कॅन्सर कशाला, आणि तोही परमुलखातला?’ जाहिरात त्यांनी दिली, पण उत्तराचा आग्रहही सोडला नाही. हे संपादकीय त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी मनातल्या मनात तेच विचारलं असेल त्यांच्यासाठीही.

कॅन्सरचा विषय निघाला की आपण मुंबईकडे पाहतो. टाटा हॉस्पिटल १९४१ साली परळला सुरू झालं आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या मनात कॅन्सर म्हणजे टाटा. पण आर्वी-कारंजाकडच्या किंवा समुद्रपूरकडच्या बाईच्या हाताला छातीत गाठ लागते, तेव्हा तिच्यापुढचे प्रश्न मुंबईचे नसतात. सोयाबीन नुकतं निघालेलं असतं, कापसाची वेचणी तोंडावर असते, मजुरी बुडवून चालत नाही, सोबत कोण येणार ते ठरत नाही. गाठ दुखत नाही, म्हणून ‘वेचणी झाली की पाहू’ होतं. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं जिल्ह्यात असूनही होतं. ही हकिकत युगांडातल्या कंपालाच्या किंवा रवांडातल्या किगालीच्या डॉक्टरला सांगा. त्याला त्यातलं काहीही उलगडून सांगावं लागणार नाही. आपले आणि त्यांचे प्रश्न एका जातकुळीचे आहेत, म्हणून उत्तरंही एकमेकांच्या कामी येतात. ती कशी आली आहेत, हेच या विभागात वाचायला मिळेल.

सुरुवात नोंदवहीपासून करायला हवी. वर्धा जिल्ह्यातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदणी २०१० पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून चालते. रुग्ण आपणहून नाव नोंदवायला येत नाही. नोंदणीचे कर्मचारी दवाखान्यांच्या फायली, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, मृत्यूच्या नोंदी धुंडाळतात. आपले कितीतरी लोक थेट नागपूरला ‘तुकडोजी’ कॅन्सर रुग्णालयात जातात, तिथले कागदही पाहावे लागतात. एकीकडे ‘सखुबाई’ आणि दुसरीकडे ‘सकूबाई’ लिहिलेली बाई एकच की दोन, ती मूळची याच जिल्ह्यातली की लेकीकडे येऊन राहिलेली, हे तपासल्याशिवाय तिचा आकड्यात समावेश होत नाही. काम चिकाटीचं आणि बिनकौतुकाचं. पण जिल्ह्यात कुठला कॅन्सर किती, कोणत्या वयात, हे त्यामुळेच कळतं. भारतात अशी पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली बार्शीला. युगांडातल्या कंपालाची नोंदणी १९५१ ची आहे. म्हणजे मागासलेलं कोण, हे ठरवण्याआधी आपणही जरा दमानं घ्यावं.

आपल्या नोंदवहीत पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पुढे असतो, आणि त्याचं कारण शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. कुठल्याही टपरीपुढे उभं राहावं. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पडतो, पन्नी पाटीवर घोटली जाते, गाठ मारून खर्रा हातात येतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळतो. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाचं आतलं अस्तर ताठर होतं, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर हा अंक खाली ठेवून आधी दातांच्या डॉक्टरकडे जा.

आता आफ्रिका. कॅन्सरच्या औषधोपचाराच्या इतिहासातलं एक मोठं पान युगांडात लिहिलं गेलं. कंपालातल्या मुलागो हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचं वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केलं. ही गाठ औषधाने विरघळते, हे त्याच भागात दिसून आलं. १९६७ साली तिथे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि अनेक औषधं एकत्र देण्याच्या पद्धतीला तिथल्या अभ्यासांनी हातभार लावला. पुढे इदी अमीनची राजवट आली, संस्थेतले अमेरिकन संशोधक मायदेशी परतले, आणि संस्था चार्ल्स ओलवेनी या युगांडाच्याच डॉक्टरांनी तुटपुंज्या साधनांवर जिवंत ठेवली. तरी या शतकाच्या सुरुवातीला अशी काही वर्षं गेली की अख्ख्या देशात कॅन्सरतज्ज्ञ एकच होता. २०१६ च्या मार्चमध्ये देशातलं एकुलतं एक रेडिओथेरपीचं यंत्र कायमचं बंद पडलं, आणि नवं सुरू व्हायला सुमारे पावणेदोन वर्षं गेली. ज्या मातीतून ज्ञान जगभर गेलं, त्याच मातीत ते देणारी माणसं आणि यंत्रं टिकली नाहीत.

आपल्याकडेही हा धडा आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसंबंधी एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था एकत्र आल्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काहींची या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींची पॅप म्हणजे पेशींची, काहींची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी. २००९ साली निकाल आला: एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. आज आफ्रिकी देश आपापल्या तपासणीचे कार्यक्रम आखतात, तेव्हा मराठवाड्यातल्या या बायकांचा पुरावा त्यांच्यापुढे असतो. पण एक चौथा गटही होता, तुलनेसाठीचा. त्या बायकांची तपासणी झाली नाही, त्यांतल्या काही दगावल्या, आणि हे योग्य होतं का यावर जगभर वाद झाला. तो वाद आम्हाला गैरलागू वाटत नाही. गावाने शरीर दिलं, जगाला ज्ञान मिळालं. गावाला काय मिळालं, हे विचारण्याचा हक्क गावाचा आहे.

दुसरं उदाहरण अधिक आनंदाचं. एचपीव्हीच्या लसीचे तीन डोस लागतात की दोन, हे पाहण्यासाठी २००९ साली भारतात अभ्यास सुरू झाला. बार्शी, पुणे आणि मुंबई त्याच्या केंद्रांत होती. २०१० साली सरकारने या लसीचे सगळेच अभ्यास थांबवले, आणि सुमारे ५,००० मुली एकाच डोसावर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. वर्षं गेली तसं दिसलं की एक डोसही भक्कम संरक्षण देतो. केनियात तरुणींवर झालेल्या स्वतंत्र चाचणीनेही तेच सांगितलं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोस पुरेसा मानला. बार्शी आणि केनिया यांची कधी भेट झाली नाही, पण दोघांनी मिळून जगातल्या गरीब देशांचा लसीचा खर्च खाली आणला. रवांडाने तर २०११ सालीच देशभर मुलींना ही लस द्यायला सुरुवात केली होती, तेव्हा आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर त्याचा निर्णयही झाला नव्हता.

रवांडाच्याच उत्तरेला डोंगरात बुटारो नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा रुग्णालयात २०१२ साली कॅन्सर केंद्र सुरू झालं. सुरुवातीला तिथे कॅन्सरतज्ज्ञ नव्हता. साधे डॉक्टर आणि प्रशिक्षित नर्स ठरलेल्या लेखी पद्धतीने केमोथेरपी देत, अडलं की बॉस्टनच्या तज्ज्ञांना विचारत. रेडिओथेरपी मात्र देशात नव्हती. त्यासाठी रुग्ण युगांडाला पाठवावे लागत. यंत्राचं महत्त्व नाकारून चालणार नाही. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे रेडिओथेरपीचं यंत्र भारताने केनिया, टांझानिया, मादागास्करसारख्या देशांना दिलं, ते चांगलंच झालं. पण त्यातल्या कोबाल्ट-६० ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. मग तेवढ्याच उपचाराला दुप्पट वेळ लागतो, स्रोत बदलावा लागतो, मात्रा मोजणारा भौतिकतज्ज्ञ लागतो. फीत कापायला एक दिवस पुरतो, यंत्र चालतं ठेवायला माणसांची एक पिढी लागते.

परवडणं हाही संशोधनाचाच विषय आहे, हे टाटाच्या डॉक्टरांनी दाखवलं. डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या जेमतेम सहा टक्के, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण शंभरात १६ वरून ४३ वर गेलं. औषध विकणाऱ्या कंपनीला हा प्रश्न सुचणार नव्हता. तो ज्यांच्या ओपीडीत पैशाअभावी रुग्ण परत जातात त्यांनाच सुचतो, मुंबईत असोत की नैरोबीत.

आणि हाताशी असलेल्या साधनांतून वाट काढणं वर्ध्याला नवं नाही. १९५१ साली इथे गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान उभं राहिलं. प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी पद्धत बसवली: प्रशिक्षित कार्यकर्त्याने घरोघर जाऊन प्रत्येक माणूस तपासायचा, गावाला रोग समजावून सांगायचा, गोळ्या गावातच द्यायच्या. पुढे हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाने उचलली. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांच्या योजनेत सुगीनंतर गावकरी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करत आणि त्या वर्गणीवर कस्तुरबा हॉस्पिटलात इलाज होई. ज्याचं शेत मोठं त्याची ज्वारी जास्त, आणि गावातली बहुसंख्य घरं आली तरच गाव योजनेत. बुटारोच्या आधी कितीतरी वर्षं या जिल्ह्याने गावापासून सुरुवात करून दाखवली आहे.

मग आज अडतं कुठे? तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताई घरी येतात, फॉर्म भरतात. साखळी तुटते ती त्यानंतर. किती जण संशयित ठरले, त्यांच्यापैकी किती जणांची बायोप्सी झाली, किती जणांचा इलाज सुरू झाला, किती जणांचा पुरा झाला, हे आकडे गावापर्यंत परत येत नाहीत. आमची मागणी एवढीच: दरवर्षी हे चार आकडे तालुकावार जाहीर व्हावेत आणि ग्रामसभेत वाचले जावेत. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. नोंदणी आहे, आशा आहेत, दोन मेडिकल कॉलेजं आहेत. त्यांना एका धाग्यात ओवायचं काम उरलं आहे.

विशेष विभागाखेरीज नेहमीच्या कथा, कविता, वऱ्हाडी बोलीतली मजा आणि मुलांची पानं आहेतच.  भाऊबीजेला बहिणीकडे जाल तेव्हा ओवाळणीबरोबर तिला एवढं विचारा: तपासणी झाली का? नसेल तर सोबत जा. आणि प्रशासनाने ते चार आकडे दिले, तर पुढच्या दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर आम्ही ते छापू, चांगले असोत वा वाईट. 

संपादक