प्रेम विरुद्ध कर्तव्य : एका सोयीस्कर द्वंद्वाचा प्रतिवाद

इजिप्तच्या अभिजात मेलोड्रामाचा विचार करताना ‘निषिद्ध प्रेम विरुद्ध कौटुंबिक कर्तव्य’ ही जोडी समीक्षेने जणू सिद्ध सूत्र म्हणून स्वीकारली आहे. प्रेम म्हणजे व्यक्ती, कर्तव्य म्हणजे परंपरा आणि अखेरचा मृत्यू म्हणजे परंपरेपुढची शरणागती, असे हे सुटसुटीत समीकरण. चित्रपटांच्या संहितांपुढे ते टिकत नाही.

हेन्री बरकात यांचा ‘दुआ अल्-करवान’ (१९५९) ताहा हुसेन यांच्या १९३४च्या कादंबरीवर आधारलेला आहे. एका अभियंत्याच्या घरी कामाला असलेली हनादी त्याच्या वासनेला बळी पडते. कुळाच्या अब्रूपायी मामा तिचा खून करतो. बहीण आमना (फातिन हमामा) सूड घेण्यासाठी त्याच घरात मोलकरीण म्हणून राहते आणि त्याच्याच प्रेमात गुंतते. येथे कर्तव्य प्रेमापुढे हरले, असे म्हटले जाते. पण कोणते कर्तव्य? खून मामाने केला. सुडाचा रोख मात्र अभियंत्यावर. आमनेच्या कर्तव्यबुद्धीने खुन्याला आधीच वगळले आहे.

अखेरीस मामा आमनेवर गोळी झाडतो आणि मध्ये आलेला अभियंता मरतो. कादंबरीत हा मृत्यू नाही. तेव्हा चित्रपटाने मूळ कृती भडक केली, असा आक्षेप सहज सुचतो. वस्तुतः सूडकथेने ज्याला विस्मृतीत ढकलले, त्या मामालाच ही गोळी पडद्यावर परत आणते. कर्तव्य हे प्रेमाविरुद्ध तोलायचे मूल्य नसून स्त्रीवर रोखलेले शस्त्र आहे, हे त्यातून उघड होते. अर्थात, या बलिदानाने अभियंत्याचा अपराध धुतला जातो आणि आमनेचा निर्णय तिच्या हातून काढून घेतला जातो. दिग्दर्शकाला दोष द्यायचाच तर तो यासाठी द्यावा, भडकपणासाठी नव्हे.

बरकात यांचाच ‘अल्-हराम’ (१९६५) हे द्वंद्व पुरते मोडीत काढतो. युसुफ इद्रिस यांच्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटाच्या शीर्षकाचाच अर्थ ‘निषिद्ध’. मोलमजुरी करणारी अझीझा आजारी नवऱ्यासाठी रताळी खणायला शेतात जाते आणि तेथे तिच्यावर बलात्कार होतो. कर्तव्य पार पाडत असतानाच ती ‘निषिद्धा’च्या कक्षेत ढकलली जाते, पुढचा कलंक आणि मृत्यूही तिच्याच वाट्याला येतो.

तेव्हा प्रेम जिंकले की कर्तव्य, हा प्रश्नच फसवा आहे. निषिद्ध काय हे कोण ठरवते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे हे चित्रपट विचारतात. त्यांना अश्रूंचे कारखाने म्हणून निकालात काढणारी समीक्षा मामाला पुन्हा एकदा मोकळा सोडते.