गटाराची हवा कोणाच्या घरात?

गरिबांच्या वस्तीत दुर्गंधी असते ती त्यांच्या सवयींमुळे, असे मानणारा सुशिक्षितांचा एक वर्ग फार जुना आहे. झोपडपट्टी होती तेव्हा हा वर्ग उघड्या गटाराकडे बोट दाखवीत असे. पुढे त्याच माणसांना मुंबईच्या पुनर्वसन इमारतींत घरे मिळाली आणि तेथील न्हाणीघरांतही वास येऊ लागला, तेव्हा त्याला आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखेच वाटले. माणसे बदलली नाहीत तर घर बदलून काय होणार, असा त्याचा सवाल असतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी समाजशास्त्राचे ग्रंथ उघडण्याआधी इमारतीच्या गच्चीवर जाऊन यावे. तेथे उघड्या तोंडाचा एक नळ असावयास हवा. अनेकदा तो नसतो, आणि असलाच तर खाली कशालाही धडपणे जोडलेला नसतो.

मोरी, बेसिन व शौचकूप यांच्या खाली नळाला जो बाक दिलेला असतो, त्यात तीन-चार बोटे पाणी कायम साठून राहते. घर आणि गटार यांच्यामध्ये काय ती एवढीच भिंत. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली अशा बाकाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. मोरीतल्या त्याच्या भावंडाला प्लंबर लोक 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. (नळकामाच्या सगळ्या इंग्रजी परिभाषेत हा एक शब्द तेवढा घरचा राहिला आहे.) ही पाण्याची भिंत उण्यापुऱ्या 50 ते 75 मिलिमीटर उंचीची असते आणि नळातील हवेचा दाब समतोल असेल तोवरच ती टिकते. पाचव्या मजल्यावर कोणी फ्लश ओढला की उभ्या नळातून कोसळणारे पाणी आपल्या मागे हवा ओढते व पुढची हवा दाबते. नळाचे वरचे तोंड आकाशाला उघडे असेल, आणि इमारत उंच असल्यास जोडीला वेगळा व्हेंट पाईप असेल, तर ही हवेची ओढाताण तेथल्या तेथे मिटते. नसेल, तर पाणी जेथून मिळेल तेथून हवा घेते. म्हणजे कोणाच्या तरी ट्रॅपमधून घेते आणि त्यातले पाणीही ओढून नेते. तळमजल्यावर याच्या उलट घडते. दाबलेली हवा मोरीतून बुडबुडे काढीत घरात शिरते. रहिवासी मग जाळीवर डांबरगोळ्या टाकतात, फिनेल ओततात, रात्री वाळूची पिशवी ठेवतात. वरच्या घरातला फ्लश आणि आपल्या मोरीतला बुडबुडा यांचा संबंध त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. उलट, शेजारणी एकमेकींच्या स्वच्छतेवर संशय घेऊन भांडतात, आणि इमारत बांधणारा मात्र या भांडणाच्या पूर्णपणे बाहेर राहतो.

हे ज्ञान नवे नाही. 1871 साली इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड झालेला, स्कारबरोजवळच्या एका उमरावाच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला आणि विषमज्वराने मरणाच्या दारी पोचला. त्याच वाड्यात उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल तर दगावलाच. लंडनच्या गरीब वस्त्यांत विषमज्वराने माणसे वर्षानुवर्षे मरत होती. पण नळांतून येणारी हवा हा राष्ट्रीय प्रश्न ठरला तो राजवाड्याच्या दारात आल्यावर. त्यानंतर नळकामाच्या सुधारणेला वेग आला. स्टीव्हन्स हेलियर या प्लंबरने 1877 साली आरोग्यदायी घरांच्या नळकामावर ग्रंथ लिहिला, आणि त्या पिढीत उभ्या नळाला हवा देण्याची पद्धत रूढ झाली. विषमज्वर गटाराच्या हवेतून पसरतो, ही त्या काळची समजूत चुकीची होती. तो दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतो. तथापि चुकीच्या समजुतीपोटी बसविलेला नळ उपयोगाचाच ठरला. 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ उसळली. तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली, चाळीसहून अधिक दगावले. न्हाणीघरातील जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते आणि पंख्यांनी उभ्या नळातील दूषित तुषार घरांत खेचून घेतले, असे चौकशीत निष्पन्न झाले.

रोज नाकात जाणाऱ्या हवेने साथ पसरेलच असे नाही. तिच्यातील हायड्रोजन सल्फाइडने डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात. कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा कोंदट खोलीत झोपणाऱ्या कामगाराच्या झोपेचा हिशेब कोणत्याही आरोग्य-अहवालात येत नाही.

येथे तज्ज्ञांचा एक आक्षेप येईल. वेगळ्या वायुनळाशिवाय, एकाच उभ्या नळावर चालणारी पद्धत शास्त्रमान्य आहे, असे ते सांगतील. ते खरे आहे. परंतु त्या पद्धतीला अटी आहेत: नळाचा व्यास पुरेसा हवा, आडव्या फांद्या आखूड व बेताच्या उताराच्या हव्यात, ट्रॅपमधील पाणी खोल हवे, मजल्यांना मर्यादा हवी आणि उभ्या नळाचे तोंड गच्चीवर उघडे हवेच. भारतीय मानक संस्थेची 5329 क्रमांकाची संहिता व राष्ट्रीय बांधकाम संहिता यांत हा विचार केलेला आहे. बिल्डर सवलत घेतो, अटी सोडून देतो, आणि वीस-बावीस मजले उभे करतो.

असे का होते, याचे कारण योजनेच्या अर्थशास्त्रातच आहे. 1995 पासून चालत आलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकसकाला पुनर्वसन इमारतीतून एक पैसाही मिळत नाही; त्याची सारी मिळकत शेजारच्या विक्रीच्या इमारतीतून येते. पुनर्वसन इमारतीत वाचविलेला प्रत्येक रुपया म्हणून निव्वळ नफा ठरतो. विक्रीच्या इमारतीत गिऱ्हाईक नाक घेऊन येते आणि पसंत न पडल्यास निघून जाते. पुनर्वसन इमारतीत येणाऱ्याला जाण्यास दुसरी जागाच नसते. एकाच भूखंडावर दोन इमारती उभ्या राहतात आणि हवेचा भाव दोन्हींकडे वेगळा लागतो. 'फुकटचे घर' हा शब्दप्रयोग तर विकसकाची ढाल झाला आहे. वस्तुतः ते घर फुकट नसते. झोपडीखालच्या जमिनीच्या मोलातून आणि वाढीव चटईक्षेत्रातून त्याची किंमत आधीच वसूल झालेली असते.

या संदर्भात चळवळीनेही आरशात पाहिले पाहिजे. घराचे क्षेत्रफळ 225 चौरस फुटांवरून 269 वर आणि पुढे 300 वर गेले; त्यासाठी मोर्चे निघाले, ते योग्यच होते. पण मागणीपत्रकात चौरस फूट आले तसे नळ कधी आले नाहीत. 'पाईपवर कसला लढा उभारायचा?' असे विचारणारे कार्यकर्ते अजूनही भेटतात. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत घरांची रचना आणि क्षयरोग यांचा संबंध दाखविणारा अभ्यास 2018 साली पुढे आला. तो खिडक्या व उजेड यांविषयी होता, नळांविषयी नव्हे; तरी घराचे मोजमाप केवळ फुटांत करण्यातील धोका त्याने उघड केला.

शिवाय ही हवा इमारतीपाशी संपत नाही. मध्ये अडविणारा ट्रॅप नसेल तेथे घराघरांचे उभे नळ रस्त्याखालच्या गटारालाही श्वास देतात. ते बुजले की कोंडलेल्या वायूची एक वाट बंद होते. मॅनहोलमधील मृत्यूंचे हे एकमेव कारण खचितच नव्हे. माणसाला विनासाधन आत उतरविणे हा मूळ गुन्हा आहे. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास गेले की नाकाला वास येणेच थांबते, आणि आत उतरलेला माणूस धोका टळला असे समजतो. 2013 च्या कायद्याने ही प्रथा निषिद्ध केली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि 2023 मध्ये ती 30 लाख केली. उतरणारा कोणत्या जातींचा असतो, हे या वाचकांना सांगावयास नको.

करावयाचे काय, तर घराची किल्ली घेण्यापूर्वी रहिवाशांच्या समितीने नळांची धूर-चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करून मागावी. नळात खालून धूर सोडला की तो गच्चीवरच्या तोंडातूनच निघाला पाहिजे; घरात निघाला तर जोड वा ट्रॅप सदोष आहे. यंत्र मिळत नसेल, तर व्हिक्टोरियन प्लंबरांची युक्ती हाताशी आहे: गच्चीवरच्या तोंडातून थोडे पेपरमिंटचे तेल व त्यामागून गरम पाणी ओतावे, आणि खाली घरोघर वास घ्यावा. तेल ओतणाऱ्याने मात्र खाली येऊ नये. त्याच्या हाताचाच वास सर्वत्र लागतो. भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत या चाचणीचा अहवाल जोडण्याची सक्ती महापालिकेकडे व प्राधिकरणाकडे मागितली पाहिजे. हे ताबा घेण्यापूर्वीच व्हावयास हवे, कारण ताब्यानंतर दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या वर्गणीतून निघतो आणि विकसक तोवर पुढच्या भूखंडावर गेलेला असतो.