परदेशवास कोणाचा?

लागोससारख्या पश्चिम आफ्रिकेंतील शहरीं नोकरीस जावें कीं नाहीं, याचा काथ्याकूट आमच्या सुशिक्षित मित्रमंडळींत नेहमीं चालतो. पगार मोठा, कंपनीचें घर, दिमतीस मोटार. उलटपक्षीं हिंवताप, जाणारी वीज आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी. हा हिशेब खोटा नाहीं. पण बीड येथें बसून तो मांडणारांस स्वतःच्या दारावरून जाणारा परदेशवास दिसूं नये, याचें नवल वाटतें.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. तेथें घर म्हणजे पाचटाची कोपी. पगार म्हणजे मुकादमाची उचल. ती फिटली नाहीं तर पुढचें सालहि बांधलेलें. नवरा-बायको मिळून मोजावयाचें एकच, त्याचें नांव ‘कोयता’! पोरांचीं नांवें गांवच्या हजेरीपटावर, पोरें फडांत. आमच्या वर्गांतील कांहीं बांकें दिवाळीनंतर रिकामीं होतात, तीं आम्हीहि वर्षानुवर्षें मुकाट्यानें पाहिलीं आहेत.

मजुरी तरी रोख मिळते, असें कोणी म्हणेल. मिळते. परंतु २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळीं जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. कामाचा खाडा पडूं नये, दंड बसूं नये, हें त्यामागील एक कारण. लागोसच्या हिंवतापाची नोंद ठेवणारांनीं हा आंकडा जमेस धरावा कीं खर्चीं, तें आम्हांस सांगावें.