गोगोला आणि आमची सुरुची

सन १९६६ मध्ये 'गोगोला' नावाचा एक हिंदी बोलपट निघाला. दिग्दर्शक बलवंत दवे. त्यात काम करणाऱ्या तबस्सुम म्हणजे ज्या १९७२ पासून दूरदर्शनवरील मुलाखतींमुळे घरोघर परिचित झाल्या, त्याच. समुद्रातून एक अजस्र राक्षस निघतो आणि मुंबईवर चाल करून येतो, एवढाच कथेचा गाभा. जपानच्या 'गोजिरा'ची (१९५४) ही नक्कल होय, हे नावच ओरडून सांगते. आणि भांडवल बेताचे होते हे निराळे सांगावयास नको. आज या बोलपटाची गणना हरवलेल्या चित्रपटांत होते. मागे राहिली ती काही गाणी आणि जाहिरातीची चित्रे.

'गेला तर गेला, त्यात अश्रू ढाळण्यासारखे काय आहे?' असे आमच्या परिचयाचे एक रसिक गृहस्थ म्हणतात, आणि सुशिक्षित मराठी कुटुंबांतून हेच उत्तर मिळेल अशी आमची खात्री आहे. 'संत तुकाराम' जपला म्हणजे झाले. पोराटोरांना भिवविण्यासाठी काढलेल्या रबरी राक्षसाची उठाठेव कोणी करावी? आमचा वाद आहे तो या उत्तराशी.

पहिला आक्षेप नकलेचा. आता, नक्कल हा जर गुन्हा असेल तर आगरकरांचे 'विकारविलसित' आणि देवलांचे 'झुंझारराव' ही दोन्ही आमच्या ग्रंथालयांतून बाहेर काढावी लागतील, कारण एकाच्या मागे 'हॅम्लेट' उभा आहे व दुसऱ्याच्या मागे 'ऑथेल्लो'. तेथे मात्र आम्ही मोठ्या गंभीरपणे विचारतो की, परकी वस्तू आपल्या घरी येताना कोठे कोठे बदलली. बरे, 'गोजिरा' तरी स्वयंभू कोठे होता? त्याच्या आधीच्याच वर्षी अमेरिकेत अणुस्फोटाने जागा झालेल्या एका प्रचंड प्राण्याचा चित्रपट निघाला होता. परंतु १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरील अणुस्फोटाची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि जपान्यांनी त्या उसन्या राक्षसात स्वतःचे भय ओतले. मग युद्ध आणि अवर्षण यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आमच्या देशाने १९६६ साली त्याच राक्षसात काय ओतले? कदाचित काहीच ओतले नसेल. पण चित्रच नाही, तेथे पाहून सांगावे कोणी?

दुसरा आक्षेप अभिरुचीचा. १९६८ साली पिट्सबर्गच्या काही अप्रसिद्ध तरुणांनी सव्वा लाखाहून कमी डॉलरांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हे प्रेतांचे चित्र काढले. त्या वेळच्या कित्येक सभ्य टीकाकारांनी त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. तेच चित्र १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत दाखल झाले आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याची दुरुस्त प्रत लोकांपुढे मांडली. 'गोगोला' त्या तोडीचा होता असे आम्ही म्हणत नाही, बहुधा नव्हताच. आमचे म्हणणे इतकेच की, टीकाकारांच्या पहिल्या पिढीच्या नापसंतीवर फाशीची शिक्षा अंमलात आणू नये.

नागपूरकरांनी तर या बाबतीत नाक मुरडण्याचे कारणच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी व पिवळी मारबत महालातून आणि इतवारीतून वाजतगाजत निघतात, ती बांबू, कागद आणि चिंध्यांची राक्षसरूपे नव्हेत तर काय? मागाहून येणाऱ्या बडग्यांवर वर्षाचा सारा राग काढला जातो. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीला आम्ही लोकसंस्कृती म्हणतो आणि तिच्यावर प्रबंध लिहितो. हेच राक्षस पडद्यावर आले की ते हीन!

असो. खरा दोष रसिकांचाही नव्हे, व्यवस्थेचा आहे. १९५४ च्या कायद्यान्वये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. मग ते महाकाव्य असो की परीक्षेचे मार्गदर्शक. तेथे कोणी सुरुची विचारीत नाही. चित्रपटांना हा कायदा नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले आणि पी. के. नायर यांनी निवडानिवड न करता सुमारे बारा हजार चित्रपट तेथे जमविले. पण ती एका माणसाची जिद्द होती. जुन्या कृष्णधवल फितींतील चांदीसाठी प्रती वितळविणारे व्यापारी त्यांच्याहून चपळ निघाले. 'गोगोला'विषयी बेफिकीर राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आणि १९३१ चा 'आलम आरा' हेही आज नाहीत. भंगाराच्या तराजूत उत्तम आणि टाकाऊ यांचा भाव एकच.

संग्रहालयातील जुने चित्रपट दुरुस्त करण्याची मोठी योजना सरकारने २०२२ मध्ये जाहीर केली, ती स्तुत्यच आहे. पण संग्रहात जे नाही ते दुरुस्त कसे होणार? आमच्या भागाला चित्रपटव्यवसायात अजून 'सी. पी. बेरार' म्हणतात, आणि त्याच्या वितरणाच्या पेढ्या अमरावतीस व भुसावळास असत. ज्या पेढ्या मिटल्या त्यांच्या माळ्यांवर आणि बंद पडलेल्या चित्रगृहांच्या यंत्रखोल्यांत गंजलेले डबे पडून असणे अगदी संभवनीय आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला म्हणजे आतील फीत कुजू लागली असे समजावे. विद्यापीठाने आपल्या दोन विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात तिकडे पाठवावे, आणि डब्यावरील नाव कितीही हास्यास्पद असले तरी ते टिपून आणण्यास सांगावे.