समजून घ्या : ‘टायगर’ रणगाडा खरंच अजिंक्य होता का? उत्तर मॉडेल किटच्या चाकांत

हिटलरच्या सैन्याचा ‘टायगर’ रणगाडा अजिंक्य होता, असं सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. मलाही ते पटलं होतं. मग मी त्याचं १/३५ मापाचं मॉडेल किट घरी जोडायला घेतलं आणि मत बदललं.

किटमध्ये असतं काय?

प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले शेकडो सुटे भाग. ते कटरने कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. तयार टायगर तोफेसकट साधारण २४ सेंटीमीटर लांब होतो. खऱ्या रणगाड्याचं समोरचं १०० मिलिमीटर पोलाद या मापात जेमतेम ३ मिलिमीटर भरतं.

१/३५ हेच माप का?

कारण गंमतशीर आहे. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा ‘पँथर’ रणगाडा आणला. आत सेल आणि मोटर बसली पाहिजे, या गरजेतून त्याचा आकार ठरला. हिशेब केला तर तो मूळ रणगाड्याच्या सुमारे १/३५ निघाला. पुढे हेच माप जगभर रूढ झालं.

माझं मत कुठे बदललं?

चाकांपाशी. सुरुवातीच्या टायगरला प्रत्येक बाजूला ८ आस आणि प्रत्येक आसावर ३ चाकं, म्हणजे दोन्हीकडची मिळून ४८. ही चाकं एकमेकांत गुंतवून बसवलेली. ५७ टनांचं ओझं त्यामुळे नीट वाटलं जाई. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत या रचनेला मी पूर्ण मार्क दिले असते.

पण घाईत मी बाहेरची चाकं आधी चिकटवली. आतलं एक राहिलं होतं, ते बसेना. चार चाकं उचकटावी लागली. आघाडीवरच्या मेकॅनिकची अडचण हीच होती. आतलं एक चाक बदलायला आधी बाहेरची अनेक काढा, तीही थंडीत आणि चिखलात. रशियाच्या हिवाळ्यात चाकांमधला चिखल गोठून रणगाडा जागीच अडकायचा.

बंद पडलेला टायगर दुसऱ्या टायगरने ओढू नये, असा नियम होता, कारण ओढणाऱ्याचंही इंजिन किंवा गिअर जाण्याची भीती. त्यासाठी १८ टनी ओढगाड्या दोन-दोन, तीन-तीन जोडाव्या लागत. त्या वेळेत आल्या नाहीत, तर सैनिक स्वतःच आपला रणगाडा उडवून देत.

मग आकडे काय सांगतात?

१९४२ ते १९४४ या काळात सुमारे १,३५० टायगर बनले. अमेरिकेचे शर्मन सुमारे ४९ हजार. समोरासमोरच्या लढतीत टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ भारी होती, यात वाद नाही. पण युद्ध एका लढतीवर जिंकलं जात नाही. जो लवकर दुरुस्त होतो आणि ज्याचे सुटे भाग मिळतात, तो रणगाडा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरतो.

किटमध्ये काय नसतं?

माणसं. टायगर जर्मनीतल्या कासेल शहरात हेन्शेल कारखान्यात बनत. तिथे सक्तीने आणलेले परदेशी मजूर राबत होते. किटमध्ये वेल्डिंगची रेघसुद्धा दिसते, ती मारणारा हात दिसत नाही.

म्हणून किट घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. उलट घ्या, मुलांनाही द्या. रील तीस सेकंदांत ‘अजिंक्य’ म्हणून मोकळं होतं. किट जोडताना प्रत्येक भाग इथेच का, हा प्रश्न पडतो. फक्त डब्यावरच्या चित्रासोबत हे आकडे आणि कासेलची गोष्टही सांगा. जमलं तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय दाखवा. खऱ्या रणगाड्याशेजारी उभं राहिलं की वजन म्हणजे काय ते कळतं.

माझ्या मॉडेलची बाहेरची काही चाकं मी अजून चिकटवलेली नाहीत. कुणी ‘अजिंक्य’ म्हणालं, की ती काढून आतलं दाखवता येतं.