मेलबर्नची रांग आणि माझं बुडलेलं मत

३ मे २०२५, शनिवार. मेलबर्नला लेकीकडे होतो. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून केंद्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं. सबळ कारणाशिवाय चुकवलं तर २० डॉलर दंड. जावई म्हणाले, "बाबा, धाकाची कसली लोकशाही?" मला नाही पटलं. शाळेच्या आवारात रांग, बाबागाड्या, कुत्री, बाहेर पावात सॉसेज घालून विकणारे पालक. धाकाने आलेल्यांचे चेहरे असे नसतात हो! शिवाय शनिवार, म्हणजे बहुतेकांना सुट्टीच.

खरं सांगू? बँकेत होतो तेव्हा निवडणुकीच्या ड्युट्या इमानेइतबारे केल्या. निवृत्तीनंतर मात्र एकदा पुण्याच्या लग्नात रेंगाळलो आणि इंदूरचं मत बुडवलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. दंड असता तर अक्षता टाकून रात्रीच्या गाडीनेच परतलो असतो.