दाव्यात मुसळीचं नाव लिहा



वनहक्काचे फॉर्म भरायचं काम पाड्यापाड्यांत चालू आहे. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं संघटनेच्या वतीनं त्यात बसतो. सगळीकडे गर्दी होते ती प्लॉटच्या दाव्याला. कुणाचे किती गुंठे, कुणाचा बांध कुठवर, यातच रात्र जाते. सामूहिक दाव्याचा फॉर्म शेवटी निघतो, तोवर माणसं उठून गेलेली असतात. मग आम्हीच त्यात "गौण वनउपज – सर्व" एवढं लिहून सह्या-अंगठे घेत होतो.

एका पाड्यावर एका आजीनं विचारलं, "पोरांनो, मुसळी लिवली का? गुळवेल लिवली का?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. चूक आमची, ती इथं कबूल करतो.

2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाच्या व्याख्येतच औषधी वनस्पती, मुळं, कंद हे शब्द आहेत. पूर्वापार जे गोळा करत आलो त्याची मालकी आपली. गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आपला. गावाच्या हद्दीत आणि हद्दीबाहेरही. हिरड्या-बेहड्याचं गाठोडं नाक्यावर अडवून "चोरी" म्हणतात, ती चोरी नाही. पण तिथं नुसतं "सर्व" म्हटलं तर कोण ऐकतो? नाव लिहिलेलं असलं तर दाखवता येतं. म्हणून लिहा: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, गुळवेल, शतावरी, वावडिंग, कुड्याची साल, सफेद मुसळी. कुठल्या डोंगरात, कुठल्या महिन्यात मिळतं तेही लिहा. पुराव्याला घाबरू नका. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब नियमात पुरावा धरला आहे.

आता दुसरी गोष्ट, ती थोडी कडू आहे. हक्क मागतो तर राखणंही आपल्यावर आलं. जंगल राखायचा अधिकार त्याच कायद्यानं ग्रामसभेला दिला आहे.

मुसळीचंच बघा. पहिल्या पावसात तिचा कोवळा पाला आपण भाजीला आणतो. कंद भरतो तो पानं पिवळी पडून गळाल्यावर. पण व्यापाऱ्याचा माणूस श्रावणातच काटा घेऊन येतो. शेजारचा खणेल म्हणून आपणही खणतो. कोवळा कंद वाळला की वजन राहत नाही, भाव पडतो. बी गळायच्या आत झाडही गेलं. मग पुढच्या साली तिथं काय खणणार?

काहीजण म्हणतात, श्रावणात घरात दाणा नसतो, तेव्हा हे शहाणपण कुठं ठेवायचं? खरं आहे. आमच्याही घरची कणगी तेव्हा रिकामीच असते. व्यापारी नेमका तेव्हाच येतो तो ह्याच कारणानं. म्हणून एकेका घराला उपदेश करून भागणार नाही. ग्रामसभेनं खणायची तारीख ठरवावी आणि ती सगळ्यांनी पाळावी. खणताना बुडख्यासकट एक-दोन कंद परत मातीत लावावेत. कुड्याची साल एका बाजूनंच काढावी, गोल सोलली तर झाड मरतं. माल एका काट्यावर, सगळ्या गावाचा मिळून विकावा. आणि श्रावणातल्या भुकेसाठी खावटी वेळेवर मिळावी, रोजगार हमीचं काम निघावं, याचा अर्ज आत्ताच द्यावा.

कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या घाटात नरक्याच्या झाडापासून कॅन्सरचं औषध बनतं हे बाहेर कळलं, आणि झाडं बुडापासून तोडली गेली. तोडणाऱ्याच्या हातात फक्त मजुरी पडली. आपल्या मुसळीचं तसं होऊ द्यायचं का?

ज्या पाड्यांचे फॉर्म आम्ही "सर्व" लिहून भरले, तिथं परत येतोय. त्या दिवशी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि रानात जाणाऱ्या बायांना पुढं बसवा. ते सांगतील, आम्ही लिहू.

जिंदाबाद!